कनातीमागचा उन्हाळा

माझा धाकटा छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहे. मागच्या सुट्टीत घरी आला तो मित्रांच्या रॉक बँडच्या गोष्टी सांगतच. भर उन्हाळ्यात त्यांनी तीन ठिकाणी 'लाइव्ह शो' केले म्हणे. गाडीत वाद्यं कोंबायची, रात्रभर जागायचं, मिळेल ते खायचं! मला हसू आलं. म्हटलं, "अरे, आपल्याकडे असले उन्हाळी शो तुझ्या पणजोबांपासून होतायत. त्याला तमाशा म्हणतात."

तो म्हणाला, "तू कधी पाहिलास?"

आता काय सांगू? मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? माझ्या माहेरी जत्रेला फड यायचा. वडील, काका, भाऊ फेटे बांधून पुढे जाऊन बसायचे. आम्ही बायका माळवदावर अंथरुणं टाकून नुसती ढोलकी ऐकायचो. आजी म्हणायची, "तिकडं बघायचं न्हाई." तमाशातल्या बाईला चेहरा असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माहेरच्या जत्रेला गेले होते. वैशाखातली दुपार, पत्र्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. दारात दोघी उभ्या. एक पन्नाशीची, दुसरी विशीतली पोर. थोरली म्हणाली, "ताई, न्हाणीत जरा जागा मिळंल का? पोरीला अडचण आलीया."

रात्रभर नाचून, ट्रकमध्ये बसून त्या सकाळी गावात पोचल्या होत्या. राहुट्या मोकळ्या रानात, आडोसा फक्त कनातीचा. भोवती पोरंटोरं घिरट्या घालत होती. मी न्हाणी उघडून दिली. वहिनीच्या कपाळाला आठी पडली, पण चहा तिनंच टाकला.

चहा घेताना थोरली बोलती झाली. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, बुद्धपौर्णिमेला संपतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन तिथं सुपाऱ्या ठरवतात. चैत्र-वैशाखाच्या जत्रा म्हणजे खरी कमाई. रात्री गण, गवळण, मग वग. काही गावांत सकाळी पुन्हा हजेरीचा कार्यक्रम. लगेच सामान ट्रकमध्ये, पुढचं गाव. "झोप कवा घेता?" मी विचारलं. "ट्रकात," ती म्हणाली, "उभ्यानं बी येती."

फडमालकाकडून तिनं उचल घेतली होती. आपल्या भागातल्या ऊसतोड बाईला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आधी पैसे घ्यायचे, मग हंगामभर अंगानं फेडायचे. लेकरं गावी म्हाताऱ्या आईपाशी. 2020 आणि 2021 चे दोन्ही उन्हाळे कोरोनानं नेले, जत्राच भरल्या नाहीत. उचल मात्र डोक्यावर तशीच.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. नऊ महिन्यांच्या पोटुशी असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ऐकताना अंगावर काटा येतो. पण मला आता वेगळाच प्रश्न पडतो. त्या गावात शेकडो घरं असतील, घराघरात बाळंतपण केलेल्या बायका असतील. त्यातली एकही कनातीमागे का नव्हती? विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, पण शेवटचे दिवस हलाखीतच गेले. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाई सातारकर तर शिवाजी महाराजांची भूमिका गाजवणाऱ्या, पुढे स्वतःचा फड चालवणाऱ्या. त्या 2021 च्या मे महिन्यात गेल्या.

पुरस्कार मिळतात ते दोघी-चौघींना. बाकीच्या बायकांना हवी असते बादलीभर पाणी आणि बंद होणारं दार.

गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यात, ब्रह्मनाथ येळंबला सुरेश राजहंस यांनी तमाशा कलावंतांच्या मुलांसाठी 'सेवाश्रम' उभा केलाय. एवढं मोठं काम तुमच्या-माझ्यानं होईलच असं नाही. पण जत्रेआधी बचत गटाची बैठक असतेच ना? तिथं विषय काढता येतो. फड येईल त्या दिवशी शाळेचं किंवा समाजमंदिराचं न्हाणीघर बायकांसाठी उघडं ठेवायचं. पाण्याचा टँकर सांगायचा. औषधाची दोन पाकिटं, पॅडची चार पाकिटं ठेवायची. कनातीमागे पोरं फिरणार नाहीत, हे पंचांकडून कबूल करून घ्यायचं. माहेरी आम्ही गेल्या वर्षी एवढंच केलं. काही म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. पण न्हाणीघराची किल्ली वहिनीनं स्वतःच्या कमरेला खोवली होती!

त्या रात्री आम्ही सात-आठ जणी पहिल्यांदाच फडापुढे, एका बाजूला सतरंजी टाकून बसलो. गवळण सुरू झाली. ती थोरली मावशी झाली होती. आम्हाला बघून क्षणभर थबकली, आणि पदर सावरून असा टोला हाणला की पुरुषांपेक्षा आम्हीच जास्त हसलो.

धाकट्याला फोनवर सांगितलं, "पाहिला बरं का मी लाइव्ह शो."