पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत बहुधा अस्थिर संसाराला लावली जाते. आज या गावी तर उद्या त्या गावी, अशी ज्याची गत, त्याचे ते वर्णन. बदलीच्या नोकरीतील मंडळी तर ती म्हण स्वतःला मोठ्या कौतुकाने लावून घेतात. अमेरिकेत मात्र असे बिऱ्हाड केवळ हौसेने पाठीवर घेणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांचा विंचू म्हणजे पिकअप ट्रक. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही लहान मालवाहू गाडी असते. त्या हौद्यात नेमकी बसेल अशी लाकडी खोली घराच्या अंगणात स्वतःच्या हातांनी बांधायची, सुटीत ती गाडीवर चढवून अरण्यात किंवा समुद्रकाठी मुक्कामाला जायचे आणि परत आल्यावर ती चार पायांच्या घडवंचीवर उतरवून ठेवायची, असा हा उद्योग आहे. या खोलीला तिकडे कॅम्पर असे नाव आहे. सोमवारी सकाळी तोच ट्रक पुन्हा विटा, गवत किंवा हत्यारे वाहावयास मोकळा होतो, ही त्यातील मुख्य सोय होय.

पिकअप ही गाडीच मुळी कष्टाच्या कामासाठी जन्मास आली. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकण्यास आरंभ केला. त्यापूर्वी शेतकरी आपापल्या मोटारीची मागची बाजू कापून तेथे फळ्यांची पेटी ठोकीत असत. म्हणजे घरगुती सुतारकाम या गाडीच्या रक्तातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराने १९६० साली एका पिकअपवर अशीच निवासाची खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे ‘रोसिनान्ते’ हे नाव दिले आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन देशाची प्रदक्षिणा केली. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. ती गाडी आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे, त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयात उभी आहे. स्टाइनबेकने आपली खोली कारखान्यातून बनवून घेतली होती. ज्यांना ते परवडत नाही, किंवा ज्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत, ते लोक ती घरी बांधतात.

घरी बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न लाकडाचा नसतो, वजनाचा असतो. निदान तसा असावयास हवा. कारखान्यात तयार होणारा कॅम्पर रिकामाच ७०० ते १८०० किलोपर्यंत भरतो. अमेरिकेत ‘अर्ध्या टनाचा’ म्हणून ओळखला जाणारा सामान्य पिकअप प्रत्यक्षात ६०० ते ९०० किलो भार वाहू शकतो. अर्धा टन हे आता केवळ जुन्या काळापासून चिकटलेले नाव आहे. ही मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर ती छापलेली असते. तीत माणसे आणि सामान या दोहोंचेही वजन धरायचे असते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. समजा, मर्यादा ६०० किलोची आहे. दोन प्रौढ माणसांचे १५० किलो वजा झाले. ४० लिटर पाण्याचे ४० किलो, शिवाय अंथरूण, शेगडी, गॅसची टाकी, बर्फाची पेटी, शिधा, कपडे आणि हत्यारे मिळून आणखी ११० किलो सहज होतात. उरले ३०० किलो. एवढ्यात भिंती, छप्पर, दार, खिडक्या, बिछान्याची फळी आणि कपाटे हे सारे बसले पाहिजे. प्रवासात वजन वाढते, कमी होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव लक्षात घेतला तर २५० किलोंवर थांबणे शहाणपणाचे.

नवशिका सुतार येथेच चुकतो. त्याच्या मनात घर म्हणजे घट्टपणा, आणि घट्टपणा म्हणजे जाड लाकूड. दोन मीटर लांबीच्या हौद्यावर बसणारी आणि पुढे केबिनच्या डोक्यावर बिछान्यापुरती झेपावणारी खोली घेतली, तर तिचा तळ, भिंती व छप्पर मिळून सुमारे २४ चौरस मीटर क्षेत्र होते. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवुडच्या आठ तक्त्यांचे हे क्षेत्र. १२ मिलिमीटर जाडीचा असा एक तक्ता सुमारे २१ किलो भरतो. म्हणजे नुसत्या कातडीचेच १७० किलो झाले. आतला सांगाडा, दार, खिडक्या, कपाटे हे सर्व अद्याप बाकीच. शिवाय एवढे वजन वाहूनही ती भिंत थंडी अडवीत नाही.

यावर उपाय म्हणजे पातळ लाकूड वापरणे, असे कुणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. नुसती पातळ फळी डुगडुगते. खरा उपाय आहे तो दोन पातळ फळ्या एकमेकींपासून दूर ठेवून मध्ये हलका गाभा चिकटविण्याचा. फळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर हा ताण फारसा पडत नाही. मग मध्यभागी जड लाकूड कशासाठी ठेवावयाचे? बाहेरून ३ मिलिमीटर प्लायवुड, आतून तेवढेच आणि मध्ये २५ मिलिमीटर जाडीचा, ज्याला आपल्याकडे थर्माकोल म्हणतात त्याच जातीचा परंतु अधिक घट्ट वीण असलेला फोम, अशी भिंत चौरस मीटरला साडेचार किलोंच्या आतच राहते. १२ मिलिमीटरची भरीव फळी सात किलोंहून जास्त भरते. आणि ताठपणा? गाभा आपल्या जागी पक्का राहिला, तर हिशेबाने ही हलकी भिंत त्या भरीव फळीपेक्षा सुमारे आठपट ताठ ठरते. थंडी अडविण्याचे काम फोम फुकटात करतो. कडांना व खिडक्यांभोवती देवदाराच्या किंवा पाइनच्या बारीक रिपा बसवाव्या लागतात, कारण स्क्रूला धरावयास फोममध्ये काही नसते. रिपा व सरस धरून सगळे कवच १४० किलोंत बसते. दार, खिडक्या, फळ्या, बिजागऱ्या आणि रंग यांना आणखी १०० किलो धरले, तरी हिशेब २५० च्या आतच राहतो.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाचा सांगाडा अशाच रीतीने तयार झाला होता. बर्चच्या पातळ प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड चिकटवून त्याचे धड दोन अर्ध्या शिंपल्यांप्रमाणे घडवीत आणि मग ते अर्धे एकमेकांस जोडीत. हे काम करण्यासाठी टेबले-खुर्च्या आणि पियानो बनविणारे कारागीर लावले गेले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते विमान प्रथम उडाले आणि पुढे वेगात भल्याभल्या धातूच्या विमानांना मागे टाकू लागले. या कथेचा उत्तरार्ध मात्र हिंदुस्थानात घडला. १९४४ साली येथे असलेल्या काही मॉस्किटो विमानांचे पंख उड्डाणात मोडले. प्रथम दोष देण्यात आला तो पावसाळ्याला आणि दमट हवेला. पुढील तपासणीत असे दिसून आले, की ज्यांनी मोसमी पाऊस कधी पाहिलाही नव्हता अशा विमानांतही तेच दोष होते. सांधे चिकटविण्याचे काम कारखान्यातच निष्काळजीपणे झाले होते. हवामानावर खापर फोडणे सर्वच खात्यांना सोयीचे असते! पुढे पंखाच्या सांध्यावर प्लायवुडची पट्टी लांबोळकी बसवून पाण्याचा शिरकाव बंद करण्यात आला.

अंगणात कॅम्पर बांधणाऱ्याने हा इतिहास मनात बाळगावा. त्याच्या भिंतीचे सारे बळ सरसात आहे. सरस सुटला की दोन पातळ फळ्या आणि मध्ये एक निरुपयोगी फोम एवढेच उरते. म्हणून पाण्याला दाद न देणारा सरस घ्यावा, तो संपूर्ण पृष्ठभागावर पसरावा आणि सुकेपर्यंत सर्वत्र सारखे वजन ठेवावे. रबराच्या द्रावणासारखे काही झोंबऱ्या वासाचे सरस हा फोम पाहता पाहता विरघळवून टाकतात. टाकाऊ तुकड्यावर आधी प्रयोग केल्याशिवाय डबा उघडू नये. फोम पेटला की दाट काळा धूर सोडतो, यास्तव आतील बाजूस तो कोठेही उघडा राहता कामा नये.

लाकडाचा खरा वैरी पाणी. ते सपाट पृष्ठभागातून सहसा शिरत नाही, तर तक्त्याच्या कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या छिद्रातून आणि खिडकीच्या चौकटीखालून शिरते. कडेला उघड्या पडलेल्या तंतूंच्या नळ्या पाणी दिव्याच्या वातीप्रमाणे शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कड सरस किंवा रंग पाजून बंद करावी लागते आणि छपराला किंचित फुगवटा अथवा उतार द्यावा लागतो. बाहेरून अनेक जण सुती कॅनव्हास सरसात भिजवून चिकटवितात व त्यावर घराबाहेरच्या भिंतींना लावतात त्या रंगाचे तीन-चार हात देतात. त्याला तिकडे गमतीने गरिबांचे फायबरग्लास म्हणतात. वस्तुतः जुन्या लाकडी होड्यांचे डेक अशाच कॅनव्हासाने व रंगाने झाकले जात.

वजन किती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते कोठे पडते हा आहे. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे ओझे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते; पुढे अधिक झाले की बैलांची मान दबते. पिकअपचेही तसेच आहे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे पडला पाहिजे. दोन आसांत ३.६ मीटर अंतर असलेल्या गाडीवर ३०० किलोंचा भार मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवला, तर पुढच्या चाकांवर २५ किलोंची भर पडते. तोच भार ६० सेंटिमीटर मागे गेला, तर पुढच्या चाकांवरून ५० किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ३५० किलो बसतात. गाडी वळविणारी चाके पुढची. ती हलकी झाली की ओल्या रस्त्यावर सुकाणू सैल लागते. म्हणून पाण्याची टाकी व शिधा पुढे, केबिनच्या पाठीशी ठेवावा, आणि जड वस्तू तळाशी. डोक्यावरच्या बिछान्याखाली डबे भरणारी गृहिणी किंवा गृहस्थ, दोघेही वळणावर गाडी अधिक झुकण्यास सारखेच कारण होतात.

वाऱ्याचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. उंच खोली घेऊन ताशी ११० किलोमीटरने जाणाऱ्याने वेग ९० वर आणला, तर हा विरोध सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. खोलीची पुढची बाजू तिरपी किंवा गोल ठेवल्यास आणखी फायदा होतो. मात्र गोल आकारासाठी जो श्रम व जी जागा खर्ची पडते, तिचा विचार करता पुष्कळ जण दोन-तीन तिरप्या फळ्यांवरच समाधान मानतात, आणि ते ठीकच करतात.

एवढ्या बंद, नीट चिकटवलेल्या खोलीत माणसे झोपणार आहेत, ही गोष्ट काम रंगात आले की विसरली जाते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी भिंतींवर जमते. पण ओलाव्यापेक्षा भयंकर धोका शेगडीचा आहे. जळण अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून खाली एक व छपरात एक अशी कधीही पूर्ण बंद न होणारी झरोके असावीत, ऊब आणण्यासाठी स्वयंपाकाची शेगडी कधीही पेटवू नये आणि वायूची सूचना देणारे लहान घंटायंत्र बिछान्याजवळ लावावे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. टाकीतून गळला तर तो तळाशी साचून राहतो. यासाठी टाकीचा कप्पा खोलीपासून पूर्ण वेगळा करून त्याचे भोक तळाशी, बाहेरच्या बाजूस ठेवतात.

भारतात हा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधी पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. तेव्हा लाकूड कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढणे बरे. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही.

काम पुरे झाले की चार पायांच्या घडवंचीवरून कॅम्पर गाडीत उतरवितात आणि चारही कोपऱ्यांना ताणपेचांनी हौद्याशी जखडतात. पन्नासएक किलोमीटर चालवून पेच पुन्हा तपासावे लागतात, कारण नवी खोली हादऱ्यांनी आपली जागा घेते. त्यानंतर अर्धा तास छपरावर नळीने पाणी सोडून आतल्या प्रत्येक कोपऱ्यावरून कोरडा हात फिरवितात. शेवटी पाणी, शिधा, अंथरूण आणि माणसे यांसह गाडी वजनकाट्यावर नेतात. प्रथम केवळ पुढची चाके काट्यावर, मग केवळ मागची, आणि दोन्ही आकडे दाराच्या चौकटीवरील पट्टीशी ताडून पाहतात.