गाठीतील प्रथिने आणि रुग्णाचे भवितव्य

बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या स्त्रीच्या स्तनातील गाठ कर्करोगाची ठरली, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो : रोग कितपत पसरला आहे? प्रश्न रास्तच आहे. तथापि, रोग हाडे, फुफ्फुसे वा यकृतापर्यंत पोहोचल्यावरही पुढील उपचार व आयुर्मान बऱ्याच अंशी गाठीच्या पेशींत कोणती प्रथिने आहेत यावर अवलंबून असते.

अशी तीन प्रथिने तपासली जातात. पैकी दोन ही इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना धरून ठेवणारी ग्राही प्रथिने होत. ती असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या साध्या गोळीने इस्ट्रोजेनची वाट अडविता येते आणि पसरलेला रोगही अनेकदा काही वर्षे आटोक्यात राहतो. तिसरे प्रथिन 'हर-२'. ते शंभरातील सुमारे १५ ते २० रुग्णांत वाजवीपेक्षा अधिक असते. पूर्वी ती रोग झपाट्याने बळावण्याची खूण होती. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधास मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. तिन्ही प्रथिने नसल्यास मात्र उपचाराचे मार्ग मर्यादित राहतात.

"आधी गाठ काढून टाका" असा आग्रह गावोगाव धरला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने निदानाच्या वेळीच रोग पसरलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ गाठ काढल्याने आयुर्मान वाढल्याचे त्यात आढळले नाही.

खरा धोका तपासणीपूर्वीच उद्भवतो. काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात बुडविला पाहिजे. तो कोरडा वा नुसत्या सलाईनमध्ये पुण्यापर्यंत गेला, तर प्रथिने नष्ट होऊन अहवालात ती 'नाहीत' असे येऊ शकते, आणि लागू पडणाऱ्या औषधास रुग्ण मुकते. अहवाल व तुकड्याचा मेणातील ठोकळा जपून ठेवावा. रुग्ण पुणे, मुंबई वा बार्शी येथील कर्करोग रुग्णालयात गेल्यास हीच सामग्री तेथे मागितली जाते. रोग अन्यत्र उद्भवल्यास शक्य तेथे नवा तुकडा तपासतात, कारण कालांतराने ही प्रथिने बदललेली आढळतात.