पाटी पांढरी की पिवळी?

शहाडच्या पुलावर गाड्या अडकल्या की आम्ही मुले नंबरांच्या पाट्या वाचत बसतो. एम. एच. 05 म्हणजे आपल्या कल्याणची गाडी, 04 ठाण्याची, 01, 02, 03 मुंबईच्या, आणि 16 म्हणजे माळशेज घाट उतरून नगरकडून आलेली. एवढे सर्वांना येते. पण पाटीचा रंग काय सांगतो हे मला सातवीत येईपर्यंत माहीत नव्हते. माझ्या बाबांनीही कधी त्याकडे नीट पाहिले नव्हते. ते शिकायला आम्हाला नऊशे रुपये पडले. कसे ते सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या डोळ्याचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. परळच्या दवाखान्यात सकाळी सातला हजर राहायचे होते. आजीला अंधारात स्टेशनचा जिना दिसत नाही, आणि लोकलला पहाटेपासूनच गर्दी. म्हणून बाबांनी ओळखीतून एक गाडी सांगितली. बाराशे रुपये ठरले. पहाटे साडेचारला गाडी दारात आली. बाबा पिशव्या ठेवत होते. मी आजीचा हात धरला होता. कोणीतरी विचारले, "गाडी परवान्याची आहे ना?" त्यावर आजीच म्हणाली, "आहे हो. पिवळी पाटी आहे, मी बघितली." आम्ही बसलो.

दुर्गाडीचा पूल, भिवंडी बायपास, ठाणे, मुलुंड असे करत साडेसहाला परळला पोहोचलो. उतरताना ड्रायव्हर म्हणाला, "बाराशे जायचे. टोलचे शंभर, रात्रीचे दोनशे, रिकामी गाडी परत जाणार त्याचे सहाशे. एकवीसशे द्या." बाबा वाद घालू लागले. ड्रायव्हरने आजीची पिशवी डिकीतून काढलीच नाही. तिच्यात सगळे रिपोर्ट होते. महिनाअखेर होती, बाबांच्या खिशात पंधराशेच होते. तेव्हा आजीने कमरेची चंची सोडली आणि सहाशे रुपये काढून दिले. ते तिने डोळ्यात घालायच्या थेंबांसाठी ठेवले होते.

गाडी वळली तेव्हा मी पाटी पाहिली. पांढरी होती.

माझे मामा मुंबईत टॅक्सी चालवतात. आधी त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, वर सामानाची जाळी असलेली. त्या जातीच्या टॅक्सीची शेवटची नोंदणी 2003 साली झाली, आणि मुंबईत टॅक्सीला वीसच वर्षे चालवता येते म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. संध्याकाळी मामा आजीला बघायला घरी आले. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, "दाजी, गाडीच्या मागे जाऊन पाटी बघितली होती का?"

मामांनी मग मला समजावून सांगितले ते असे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे मालकाने स्वतःच्या वापरासाठी घेतलेली गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने चालवण्याचा परवाना असलेली. आपली रिक्षासुद्धा पिवळ्या पाटीची असते, पाहा. हल्ली बॅटरीवरच्या गाड्यांना हिरवी पाटी असते. तिच्यावर पांढरी अक्षरे असली तर खाजगी आणि पिवळी असली तर भाड्याची.

मी म्हटले, "पण मामा, गाडी तर गाडीच. पांढऱ्या पाटीची काय, आणि पिवळ्या पाटीची काय?" मामा म्हणाले, "तसं नसतं बाळ." भाड्याच्या गाडीची आर. टी. ओ. मध्ये तपासणी होते, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ब्रेक, दिवे, टायर सगळे पाहतात. खाजगी गाडी एकदा नोंदली की पंधरा वर्षे तिला तशी तपासणी नसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट विम्याची. खाजगी गाडीचा विमा घरच्या वापरासाठी उतरवलेला असतो. भाडे घेऊन माणसे नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. हे ऐकून बाबा गप्प झाले. तोपर्यंत आम्ही फक्त नऊशे रुपयांचाच विचार करत होतो.

आता भाड्याचे. काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा यांना मीटर असतो आणि दर सरकारी प्राधिकरण ठरवते. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई आणि आपल्या भागासाठी जे दर लागू झाले त्यात पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे 31 रुपये आणि रिक्षाचे 26 रुपये. पुढे प्रत्येक किलोमीटरला टॅक्सीचे 20 रुपये 66 पैसे, रिक्षाचे 17 रुपये 14 पैसे. रात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त. म्हणजे 5 किलोमीटरला टॅक्सीचे दिवसा सुमारे 103 रुपये आणि रात्री सुमारे 129. (हे गणित मी दोनदा करून पाहिले आहे, तुम्हीही करा.) आमच्या ड्रायव्हरने रात्रीचे दोनशे लावले, त्यातली रात्र अर्धाच तास होती! वर टोलचे शंभर. मुंबईत शिरायच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून टोल माफ आहे. मुलुंडला आमची गाडी थांबलीसुद्धा नव्हती.

त्याच दिवशी दुपारी परतताना आम्ही दवाखान्यापासून दादर स्टेशनपर्यंत काळी-पिवळी केली. चालकाने काही न बोलता मीटर टाकला. मीटरवर बावन्न रुपये झाले, तेवढेच त्याने घेतले. आजीला उतरताना हातही दिला.

देवदर्शनाला किंवा लग्नाला आपण टूरिस्ट गाडी करतो तिला मीटर नसतो. तिथे बोलणी आधी करावी लागतात. मामा म्हणतात की परतीचे भाडे मागणे ही लबाडी नव्हे, कारण गाडीला रिकामे परत यावे लागते आणि सीएनजी फुकट मिळत नाही. पण ते बसण्याआधी सांगायला हवे. किलोमीटरचा दर काय, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, टोल आणि पार्किंग कोणाकडे, चालकाचा भत्ता किती, मुक्काम पडला तर काय, हे सगळे विचारून कागदावर किंवा मोबाईलवर लिहून घ्यावे. लिहून मागितले म्हणून चांगला चालक रागावत नाही. जो रागावतो त्याच्या गाडीत बसू नये, असे मला वाटते.

मोबाईलवरून बोलावलेल्या गाडीचे भाडे आधी दिसते. तिथे मोबाईलवरचा नंबर आणि पाटीवरचा नंबर एकच आहे ना ते पाहायचे. जुळला तरच बसायचे आणि मग ओ. टी. पी. सांगायचा. बसण्याआधी पाटीचा फोटो घरी पाठवून ठेवावा. वाटेत भीती वाटली तर 112 लावावा. आणि आजारी माणूस अत्यवस्थ असेल तर गाडी शोधत बसूच नये. 108 ची रुग्णवाहिका फुकट येते.

एखादा टॅक्सीवाला किंवा रिक्षावाला कारण नसताना यायला नकार देत असेल तर तो 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून आर. टी. ओ. कडे तक्रार करता येते. मामा हळूच असेही म्हणाले की दार धाडकन आपटणाऱ्या आणि खिडकीतून थुंकणाऱ्या प्रवाशांची तक्रार कुठे करायची ते त्यांना अजून सापडलेले नाही.

आता राहिली आजी. तिने पिवळी पाटी पाहिली कशी? दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ते कळले. आजी भिंतीकडे बघून म्हणाली, "चुना कधी लावलात? किती पांढरी दिसतेय!" चुना कोणीच लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळट होते, त्यामुळे पांढऱ्या वस्तूही पिवळसर दिसतात. आजी खोटे बोलली नव्हती. तिला ती पाटी खरेच पिवळी दिसली होती. पण नंतर दोन दिवस ती नीट जेवली नाही. "माझ्यामुळे पैसे गेले," म्हणत राहिली. बाबा तिला सारखे सांगत होते, "आई, बघायचं काम माझं होतं."

संक्रांतीनंतर दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा परळला जायचे होते. या वेळी सोळाशे रुपये ठरले, परतीचे धरून. बाबांनी तसे लिहूनही घेतले. पहाटे गाडी आली तशी आजी काठी टेकत आधी तिच्या मागे गेली आणि मला बॅटरी धरायला लावली. एक डोळा झाकून तिने पाटी पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली.

"दोन्ही डोळ्यांनी पिवळीच आहे," आजी म्हणाली. "बसा आता."

परळला उतरल्यावर ड्रायव्हरने सोळाशेच घेतले.