पडद्यावर दिसतं ते कितपत खरं? घरगुती एचडी चित्रफितीचं संपादन आणि बाहेरचा पडदा



आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? आम्ही वर्गात वर्षानुवर्षं ‘दिसणं’ आणि ‘असणं’ यांच्यातला फरक शिकवत आलो. घरातल्या चित्रफितींचं संपादन करायला बसलं, की हाच फरक अगदी व्यावहारिक रूपात समोर येतो. तेव्हा आज आपण तो एका उदाहरणावरूनच समजून घेऊ.

असं समजा, घरातल्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. थोडं चित्रण कॅमकॉर्डरवर झालं, थोडं नातवाच्या मोबाइलवर. आता कुणीतरी लॅपटॉपवर बसून त्याची तासाभराची फिल्म करणार, आणि ती दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सगळे मिळून पाहणार. आजी आणखी दहा वर्षांनी नसतील, फिल्म असेल. पुढच्या पिढीला आजी कळणार त्या यातूनच. म्हणजे हे काम वाटतं तेवढं किरकोळ नाही.

प्रीव्ह्यू म्हणजे कच्चा खर्डा

पहिली गोष्ट लक्षात घेऊ. संपादन चालू असताना लॅपटॉपच्या छोट्या चौकटीत जे दिसतं, ती फिल्म नव्हे. तो तिचा कच्चा खर्डा आहे. का, ते आकड्यांवरून बघा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन बाइट धरले, तर एक फ्रेम सुमारे ६२ लाख बाइटची होते. सेकंदाला अशा २५ फ्रेम! हा सगळा ऐवज एच.२६४ सारख्या पद्धतीनं दाबून फाइलमध्ये भरलेला असतो. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात. मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे मधलीच एक फ्रेम दाखवायची तरी संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात.

संगणकाला हे झेपलं नाही की तो तडजोड करतो. चित्र अर्ध्या किंवा पाव दर्जाचं दाखवतो, किंवा मधल्या फ्रेम गाळतो. आपल्याला वाटतं, चित्रणच अडखळतंय. आणि इथे खरा धोका आहे. ‘हा शॉट खराब आलाय’ म्हणून आपण तो काढून टाकतो. आजींचं मनापासून हसणं नेमकं त्यातच असतं! दोष प्रीव्ह्यूचा, शिक्षा शॉटला.

उपाय तीन आहेत. शंका आलेला तुकडा आधी रेंडर करून मग पाहायचा. किंवा प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती, करून घ्यायच्या. आणि प्रीव्ह्यूचा दर्जा कमी ठेवला असेल, तर त्यावरून चित्र धूसर आहे की स्पष्ट, हा निवाडा करायचाच नाही.

स्वतः की परतः?

भारतीय दर्शनांमध्ये एक जुना वाद आहे. झालेलं ज्ञान खरं, हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. त्याला खोडणारं काही पुढे येईपर्यंत ते खरंच मानावं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही. लांबून पाणी दिसलं म्हणून ते पाणी ठरत नाही, मृगजळही असेल. जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, की मग ते खरं. प्रामाण्य बाहेरून, म्हणजे परतः, ठरतं.

संपादनाच्या टेबलावर बहुतेक माणसं नकळत मीमांसक असतात. लॅपटॉपवर छान दिसलं ना, मग झालं! आमचं म्हणणं असं, की या एका कामापुरतं तरी आपण नैयायिक व्हावं. फिल्म जिथे पाहिली जाणार, तिथे ती नेऊन पाहावी.

टीव्ही जोडल्यावर काय कळतं?

लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला, की डेस्कटॉप ‘एक्स्टेंड’ करायचा, नुसता ‘डुप्लिकेट’ नाही. मग टाइमलाइन लॅपटॉपवर राहते आणि चित्र टीव्हीवर पूर्ण पडदाभर दिसतं. बऱ्याच संपादन-सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या पडद्यावर केवळ चित्र पाठवायची सोय असते, ती वापरावी.

आता चार गोष्टी तपासायच्या.

एक, कडा. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जात असत. ती सवय आजच्या सपाट टीव्हींमध्येही पुष्कळदा शिल्लक आहे. चित्र थोडं फुगवून कडा कापल्या जातात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. खाली अगदी कडेला लिहिलेली पणजोबांची नावं मग अर्धीच दिसतात. आपल्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाची सेटिंग असते, ती बदलता येते. पण फिल्म मामांच्या घरी, आत्याच्या घरीही जाणार. तिथल्या सेटिंग आपल्या हातात नाहीत. म्हणून अक्षरं चारही बाजूंनी साधारण दहा टक्के आत ठेवावीत, हे उत्तम.

दोन, काळा आणि पांढरा. व्हिडिओच्या रूढ पद्धतीत काळा रंग १६ या आकड्यावर आणि पांढरा २३५ वर धरतात. संगणक मात्र ० ते २५५ धरतो. दोन यंत्रांची भाषा जुळली नाही, की एकतर सगळं चित्र धुरकट दिसतं, नाहीतर आजींच्या काळ्या चंद्रकळेचे पोत आणि घड्या नाहीशा होऊन नुसता काळा डाग उरतो. असं दिसलं तर लगेच रंग सुधारायला धावू नये. आधी टीव्ही आणि संगणक या दोन्हींतली रेंजची सेटिंग जुळवून पाहावी.

तीन, हालचाल. आपल्याकडच्या कॅमकॉर्डरमध्ये साधारणपणे सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्ड असतात, कारण आपली जुनी टीव्ही-पद्धत पाल होती. मोबाइल बहुधा ३० फ्रेम घेतो. आणि लॅपटॉप पडद्याला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. साठाला पंचविसानं भागा: २.४ येतात. म्हणजे काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवाव्या लागतात, आणि कॅमेरा सावकाश फिरताना बारीक धक्के जाणवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टीव्हीसाठी ५० हर्ट्झ निवडलं, की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते. मोबाइलचे ३० फ्रेमचे शॉट २५ च्या टाइमलाइनवर घातले, तर तिथे मात्र काही फ्रेम खरोखरच गळतात. हा धक्का मग फिल्ममधलाच असतो.

जुन्या कॅमकॉर्डरच्या इंटरलेस्ड चित्रणात संगणकावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. त्यानं घाबरू नये. टीव्ही ते बहुतेक वेळा नीट मिटवतो. उलट फील्डचा क्रम चुकला असेल, तर संगणकावर त्याचा पत्ता लागेलच असं नाही, पण टीव्हीवर हालचाल थरथरते. लक्षात घ्या, एक दोष इथे दिसतो पण तिथे नसतो, दुसरा तिथे दिसतो पण इथे नाही.

चार, आवाज. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला थोडा वेळ घेतो. आवाज वेगळ्या स्पीकरवर असेल, तर ओठ आणि शब्द मागेपुढे होतात. टाइमलाइनवर आवाज सरकवण्याआधी टीव्हीचा ‘गेम मोड’ लावून, टीव्हीच्याच स्पीकरवर पुन्हा ऐकावं.

मग टीव्ही तरी खरा कशावरून?

इथे कुणीही चाणाक्ष श्रोता आम्हाला अडवेल. लॅपटॉपची परीक्षा टीव्हीनं केली, पण टीव्हीची परीक्षा कोण करणार? तिसरा पडदा? मग चौथा? शास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात, आणि परतःप्रामाण्यावर नेमका हाच आक्षेप घेतला गेला.

आक्षेप रास्त आहे. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्हीत ‘व्हिव्हिड’ मोड असतो. त्यात हळदीकुंकवाचा रंग भडकतो आणि चेहरे लालबुंद होतात. काही टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेनं नवी फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतात. म्हणजे कॅमेऱ्यानं कधीच न टिपलेलं चित्र आपण पाहतो! परीक्षेच्या वेळी हे दोन्ही बंद करून ‘सिनेमा’ मोड लावावा. वायफायवरून कास्ट करूनही निवाडा करू नये, कारण त्यात चित्र पुन्हा एकदा दाबलं जातं.

अनवस्थेतून सुटका अशी, की पडद्यांची रांग लावायची नाही. एक ठरलेलं माप घ्यायचं. एचडीच्या रंगांसाठी १९९० मध्ये ठरलेलं बीटी.७०९ हे असं माप आहे. व्यावसायिक मंडळी त्यानुसार जुळवलेला मॉनिटर वापरतात. घरी तेवढं नको. ओळखीच्या चेहऱ्याची कांती आणि पांढरंशुभ्र धोतर, ही आपली मापं. दोन वेगळ्या घरांतल्या टीव्हींवर ती ठीक दिसली, तर पुरे.

शेवटची परीक्षा

केबलनं पाहणं हीदेखील शेवटची पायरी नव्हे. फिल्म एक्स्पोर्ट करून, पेन ड्राइव्हवर घालून, टीव्हीच्याच प्लेअरवर लावायची. एच.२६४ ची एमपी४ फाइल आणि एएसी आवाज बहुतेक टीव्ही वाचतात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. सेकंदाला १० मेगाबिट या दरानं तासाभराची फिल्म साडेचार जीबीची होते, म्हणजे कॉपीच होणार नाही. मग एक्सफॅट पद्धतीचा पेन ड्राइव्ह घ्यावा, तो आपला टीव्ही वाचतो का ते पाहावं. नाहीतर फिल्मचे दोन भाग करावेत.

आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी, पळवत नाही. शक्य असेल तर आजींना शेजारी बसवून. अमुक माणसाचं नाव चुकलंय, तमुक आलेच नाहीत, हे त्याच सांगतील. ते कोणताही पडदा सांगणार नाही.

ही परीक्षा पार पडेपर्यंत मूळ चित्रण पुसू नये. त्यानंतरही पुसू नये, दोन ठिकाणी जपून ठेवावं. पडदे बदलतील, पद्धती बदलतील, आपल्यापेक्षा बरं संपादन करणारं कुणीतरी घरात जन्माला येईल. त्याच्या हाती आपला निवाडा तेवढा पडू नये, पुरावाही पडावा.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा.