सुट्टीतला एक प्रयोग, एक मैफल आणि चार फोटो



सुट्टीची तारीख फलकावर लागली की डॉर्ममध्ये दोन याद्या तयार होतात. एक खायच्या पदार्थांची, दुसरी बघायच्या सिनेमांची. त्या यादीत एका संध्याकाळची भर घालावी, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझे बाबा तोफखान्यात आहेत. त्यांची रजा आणि माझी सुट्टी जुळते ती वर्षातून जेमतेम बारा-पंधरा दिवस. एरवी रविवारचा दहा मिनिटांचा फोन असतो. त्यात प्रश्न ठरलेले : जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, गुडघा बरा आहे का. उत्तरेही ठरलेली. घरी गेल्यावर चौघे एका खोलीत बसतो, पण प्रत्येकाची नजर आपापल्या फोनमध्ये. नाटक किंवा मैफल मात्र चौघांना अडीच-तीन तास एकाच दिशेला तोंड करून बसवते आणि घरी येताना बोलायला विषय देते. पण त्याची मजा पुरती घ्यायची तर थोडी तयारी लागते. ती कशी करायची, ते सांगतो.

नाटक : दर वेळी नवे

मराठीत नाटकाच्या खेळाला ‘प्रयोग’ म्हणतात. हा शब्द मला फार योग्य वाटतो. सिनेमा दहा वेळा पाहिला तरी तोच राहतो. नाटकात समोरचा प्रेक्षक हसला, गप्प झाला किंवा खोकत बसला, हे नटाला ऐकू येते आणि त्याप्रमाणे तो थांबतो, वेग वाढवतो, आवाज खाली आणतो. म्हणजे प्रयोगाचा थोडासा भाग आपल्याही हातात असतो.

आपल्या रंगभूमीची सुरुवातही दोन प्रांतांच्या भेटीतून झाली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे असे विष्णुदास भावे यांना सुचवले. त्यातून १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच आठवणीत पाळतात. त्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, दूर तंजावरला भोसले राजांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि नाटक व गाणे यांची जोडी मराठी घराघरांत पोचली.

आता प्रत्यक्ष जाताना काय करावे? पहिली गोष्ट वेळेची, आणि ती आपल्याला शिकवायला नको. नाट्यगृहात तीन घंटा होतात. पहिलीला आत यावे, दुसरीला आपल्या खुर्चीवर असावे, तिसरीला फोन बंद. नुसता आवाज बंद करून भागत नाही. काळोखात एक उजळलेला पडदा मागच्या दहा जणांचे लक्ष ओढतो.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्यासोबत कोण आहे ते पाहून जागा निवडावी. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. म्हणून आम्ही रंगमंचाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येणाऱ्या खुर्च्या घेतो. मग रंगमंच त्यांच्या उजव्या, चांगल्या कानाकडे येतो. आजी बरोबर असेल तर वाटेच्या कडेची खुर्ची तिची. धाकट्या बहिणीसाठी पुढे उंच माणूस नसलेली रांग. तिकीट काढताना आराखडा पाहून एवढे ठरवायला पाच मिनिटे लागतात, पण त्यावर पुढचे तीन तास अवलंबून असतात.

मध्यंतरात बटाटेवडा खावाच. मात्र शेवट काय होईल याचा अंदाज एकमेकांना सांगू नये. तो मनात ठेवावा. परतताना आमच्याकडे तीन प्रश्न असतात. सगळे प्रेक्षागृह कोणत्या क्षणी चिडीचूप झाले? कोणते पात्र खोटे बोलत होते असे वाटले? आणि एक शब्द न बोलता कोणी काय सांगितले? तिसऱ्या प्रश्नावर बाबा सर्वांत जास्त बोलतात. घरी मोजकेच बोलणारा माणूस रिक्षात वीस मिनिटे बोलत राहतो, हे मी दोनदा पाहिले आहे.

मैफल : मोजायला आपल्याला येतेच

शास्त्रीय गाणे समजत नाही, असे बरेच मित्र म्हणतात. पण आपण रोज ड्रिल करतो, म्हणजे लय आपल्या पायांत आहे. ‘तेज चल’ला मिनिटात १२० पावले पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. आता तीनताल घ्या. त्यात १६ मात्रा असतात, चार-चारच्या चार भागांत. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात मोकळा. आपल्या पावलांच्या गतीने हा ताल चालला तर एक आवर्तन आठ सेकंदांत पुरे होते. पहिल्या मात्रेला ‘सम’ म्हणतात. गायक आणि तबलजी कितीही फिरून आले तरी समेवर भेटतात. बँडच्या ढोलावर डावा पाय पडतो तेव्हा पूर्ण तुकडीला जे समाधान होते, त्याच जातीचे ते समाधान आहे.

ख्यालाची सुरुवात मात्र विलंबित लयीत होते. तिथे १२ मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटाचेही असू शकते, म्हणजे एका मात्रेला जवळजवळ चार सेकंद. इथे नवखा श्रोता कंटाळतो, कारण त्याला काहीच घडत नाही असे वाटते. अशा वेळी एकच काम करावे : सम कधी येते ते पकडायचा प्रयत्न करावा. मी आणि बहीण बोटांवर मोजतो आणि समेला एकमेकांकडे बघतो. ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर असते. पुढे द्रुत लय सुरू झाली की मोजणे सोडून नुसते ऐकावे.

काही रीतीही लक्षात ठेवाव्यात. सुरुवातीला तानपुरे आणि तबला जुळवतात, तो वेळ वाया जात नसतो. त्या सुरांत आपलाही कान जुळत असतो. उठून जायचे असेल तर दोन रागांच्या मधे जावे. दाद मनापासून द्यावी, पण गायकाच्या वर आवाज चढवू नये. आणि भैरवी सुरू झाली की ओळखावे, मैफल संपत आली. तेवढ्यासाठी चपला शोधायला उठू नये.

पुण्यात भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव आजही डिसेंबरमध्ये भरतो. मांडवात तीन-तीन पिढ्या शेजारी बसलेल्या दिसतात. ग्वाल्हेरचा तानसेन समारोहही डिसेंबरातच असतो. ज्यांची सुट्टी तेव्हा असते, त्यांनी एक दिवस तरी काढावा.

फोटो : कलाकाराचे कमी, आपल्या माणसांचे जास्त

रंगमंचाचा फोटो काढावा असे सर्वांना वाटते. आधी परवानगी आहे का ते पाहावे. पुष्कळ नाटकांत ती नसते. फ्लॅश तर कधीच वापरू नये. त्याने कलाकाराचे डोळे दिपतात, आणि उपयोगही शून्य. उजेडाचा नियम भौतिकशास्त्रात आपण शिकलोच आहोत : अंतर दुप्पट झाले की पोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो. फोनचा फ्लॅश तीन मीटरवर जेमतेम काम करतो. बारा मीटरवरच्या गायकापर्यंत त्याचा सोळावा हिस्सा पोचतो. फोटोत उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी.

परवानगी असेल तर दोन गोष्टी कराव्यात. फोन बहुधा पूर्ण चौकटीचा उजेड मोजतो, आणि भोवती काळोख असल्यामुळे चेहरा पांढराफटक करतो. म्हणून चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा. शिवाय कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडे राहते, त्यामुळे हलणारा हात पुसट येतो. तर हात थांबण्याची वाट पाहावी. तो कधी थांबतो? बऱ्याचदा समेवर! ज्याला ताल मोजता येतो, त्याला फोटोही चांगला मिळतो.

पण खरे फोटो बाहेर असतात. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तिकिटे हातात घेतलेली आई, वडा फुंकून खाणारी बहीण, खिडकीच्या उजेडात बसलेली आजी. ‘हसा’ असे न सांगता काढावेत. एका संध्याकाळचे चार फोटो पुरेत. त्यांतला एक छापून घ्यावा आणि मागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. माझ्या लॉकरच्या दाराला असा एक फोटो आहे. इन्स्पेक्शनला त्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

गाव कोणतेही असो

आपल्या शाळेत सगळ्या राज्यांतले मित्र आहेत. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र आसामचा. त्याच्या गावात नामघरात ‘भाओना’ होते, शंकरदेवांच्या परंपरेतले नाटक. गावातलेच लोक भूमिका करतात, खोल वाजतो, झांजा वाजतात आणि सगळे गाव बघायला बसते. ओडिशात आणि बंगालमध्ये जात्रा आहे, केरळात कथकली. मित्राच्या घरी सुट्टीत जाण्याची संधी मिळाली तर नुसते फिरून येऊ नका, तिथला एक खेळ पाहा. भाषा कळली नाही तरी समेचा क्षण कळतो. हा मित्र आता मेसच्या टेबलावर माझ्याबरोबर तीनताल मोजतो.

पालकांनाही एक विनंती आहे. आमच्या सुट्टीतला एक दिवस क्लास, दवाखाना आणि पाहुणे यांतून आधीच वेगळा काढून ठेवा, आणि कुठे जायचे ते आम्हाला ठरवू द्या.

राहिला प्रश्न रजेचा. ती कधी कधी रद्द होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे तेच झाले. तिकिटे चार होती. आम्ही बाबांच्या खुर्चीवर शेजारच्या काकांना बसवले आणि प्रयोग पाहिला. रात्री बाबांचा फोन आला, तेव्हा जेवलास का हे त्यांनी विचारलेच नाही. पहिला प्रश्न होता, “एक शब्द न बोलता कोणी काय सांगितलं?”