बऱ्हाणपूरची सराई

बर्फाच्या भिंतींआड एक रात्र काढावी म्हणून साहसी प्रवासी आज स्वीडनपर्यंत जातात. परंतु मुक्कामाची जागा हेच प्रवासाचे आकर्षण ठरावे अशी वास्तू तापीकाठच्या बऱ्हाणपुरात, खानदेश सुभ्याच्या जुन्या राजधानीत, मोगल अमदानीपासून उभी आहे. जहांगीराच्या कारकीर्दीत अब्दुर्रहीम खानखानानाने बांधविलेली ही अकबरी सराई म्हणजे उंच दरवाजा, प्रशस्त चौक आणि त्याभोवती कोठड्यांच्या रांगा.

अशा कोठडीतला मुक्काम सुखाचा असेच असे नाही. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो शाहजादा परवेझाच्या भेटीस येथे आला, तेव्हा कोतवालाने शहरातील सराईत नेमून दिलेल्या चार कोठड्या, विटांच्या, माथ्याशी गोलाकार आणि भट्टीएवढ्याच, पाहून त्याने स्वतःच्या तंबूतच निजणे पसंत केले. पाण्याची तजवीज मात्र अपूर्व होती: सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भजल कुंड्यांच्या ओळीतून, भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहरात येई.

भुसावळ-खंडवा लोहमार्गाने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने येथे अवश्य उतरावे. आणि सरकारने, मूळ बांधकामास धक्का न लावता, दोन-चार कोठड्या पुन्हा मुक्कामासाठी खुल्या कराव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.