पाइप निवडावा तो वळणासाठी

साडेतीन सीसीचं इंजिन मुठीत मावतं. रेडिओ नियंत्रित शर्यतीच्या बोटीत मागच्या फळीवर टांगलेलं, नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं असं आउटबोर्ड इंजिन मिनिटाला वीस-चोवीस हजार फेरे घेतं. नीट जमवलं तर ते दोन अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतं. जिच्या पिकअपचे गोडवे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी गायले, ती यामाहा आरएक्स १०० ही मोटरसायकल ९८ सीसीत ११ अश्वशक्ती देत असे. लिटरच्या हिशेबाने आरएक्सची ताकद ११२ अश्वशक्तीच्या जवळपास भरते, तर या चिमुकल्या इंजिनाची साडेपाचशेच्या वर.

या फरकाचं श्रेय तिघांचं आहे. फेऱ्यांचा प्रचंड वेग हे पहिलं कारण, आणि स्वतःच्या रेणूतच ऑक्सिजन घेऊन येणारं नायट्रोमिथेन हे दुसरं. तिसरं कारण म्हणजे एक्झॉस्टला जोडलेली, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती धातूची नळी, म्हणजे ट्यून्ड पाइप. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो. तरीही या छंदात सर्वाधिक पैसा आणि वेळ चुकीच्या पाइपवर वाया जातो, कारण बहुतेक जण सरळ रेषेतल्या कमाल वेगाकडे पाहून पाइप घेतात. शर्यतीचा निकाल मात्र वळणात लागतो.

लाटेचं काम

हे इंजिन टू-स्ट्रोक असतं आणि त्याच्या सिलिंडरला झडपा नसतात. पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो आणि वर येताना बंद करतो. एक्झॉस्ट पोर्ट सर्वांत आधी उघडतो आणि सर्वांत शेवटी मिटतो. यातच मोठी गळती आहे. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये भरून झाल्यावरही बाहेरचं दार काही क्षण उघडंच राहतं आणि न जळलेलं इंधन धुरासोबत निघून जातं.

ट्यून्ड पाइप ही गळती दाबाच्या लाटेने थोपवतो. पोर्ट उघडताच गरम वायूचा दाब लाट बनून पाइपमध्ये शिरतो. पाइपचा पहिला भाग नरसाळ्यासारखा रुंदावत जातो, त्याला डिफ्युजर म्हणतात. रुंदावणाऱ्या जागेतून लाटेचा काही भाग उलट्या चिन्हाने परत फिरतो, म्हणजे दाबाऐवजी ओढ होऊन येतो. ही ओढ सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला मदत करते. थोडं मिश्रण त्या भरात हेडरमध्ये, म्हणजे इंजिन आणि पाइप यांच्यामधल्या नळीतही जातं. उरलेली लाट पुढे जाऊन निमुळत्या होत जाणाऱ्या मागच्या शंकूवर, म्हणजे बॅफल कोनवर आदळते आणि या वेळी दाब म्हणूनच परतते. पोर्ट मिटण्याच्या जरा आधी ती पोहोचली, तर बाहेर पडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते.

हे सगळं किती वेळात घडतं? मिनिटाला २४,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४००. एका फेऱ्याला अडीच मिलिसेकंद लागतात आणि त्यातला साधारण निम्मा काळ, सव्वा मिलिसेकंद, एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतो. गरम धुरातून लाट सेकंदाला सुमारे ४८० मीटर वेगाने जाते असं धरलं, तर सव्वा मिलिसेकंदात ती ६० सेंटिमीटर अंतर कापते. जाऊन परत यायचं असल्याने पिस्टनपासून बॅफल कोनच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ३० सेंटिमीटर निघतं. तोच हिशेब २०,००० फेऱ्यांसाठी मांडला, तर उत्तर ३६ सेंटिमीटर येतं. लांब पाइप कमी फेऱ्यांना साथ देतो, आखूड पाइप जास्त फेऱ्यांना. निवडीचा पाया हाच.

त्शोपाऊचा इंजिनिअर

हे शास्त्र मोटरसायकलच्या शर्यतीतून आलं. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर शर्यत विभाग सांभाळत होता. हाताशी पैसा तुटपुंजा आणि सामान त्याहून कमी. पण एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लाटा त्याने ऑसिलोस्कोपवर पाहिल्या आणि त्यांच्या वेळेनुसार पाइपचे आकार बदलत नेले. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचलं होतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर एमझेडचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि काडेनची विद्या त्याच्यासोबत जपानच्या सुझुकीकडे गेली. १९६२ मध्ये डेग्नरने सुझुकीला ५० सीसी वर्गाचं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. पुढची तीन दशकं जगभरच्या टू-स्ट्रोक गाड्या याच विद्येवर धावल्या.

बोटींच्या छंदातही ही विद्या उतरली. अमेरिकेच्या के अँड बी कंपनीचं आणि नंतर जपानच्या ओएसचं साडेतीन सीसी आउटबोर्ड शौकिनांच्या हाती आलं. दोन समांतर तराफ्यांमध्ये हवेचा बोगदा ठेवणाऱ्या टनेल बोटींचे वर्ग त्याभोवती वाढले. अमेरिकेत नांबा आणि आयएमपीबीए, युरोपात नाविगा अशा संघटनांच्या नियमांखाली या शर्यती होतात.

आउटबोर्डची अडचण वेगळी

मोटरसायकलच्या चालकाला फेरे उतरले तर गिअर पाडून पुन्हा पॉवरबँडमध्ये, म्हणजे इंजिन जोर देतं त्या फेऱ्यांच्या पट्ट्यात येता येतं. बोटीला गिअर बदलायची सोय नाही. बोट बोयाभोवती, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेभोवती वळते तेव्हा तिचा वेग पडतो आणि वळणातून बाहेर पडताना पंख्यावर पाण्याचा भार एकदम वाढतो. फेरे खाली येतात. पाइप फक्त वरच्या अरुंद पट्ट्यात काम करणारा असेल, तर याच क्षणी त्याची लाट चुकीच्या वेळी परतते. मिश्रण गळू लागतं, इंजिन गुदमरतं, बोट जड होऊन बसते आणि शेजारची बोट निघून जाते. सरळ भागात मिळवलेली आघाडी प्रत्येक वळणावर अशी परत द्यावी लागते.

म्हणून पाइप निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: वळणातून बाहेर पडताना माझं इंजिन किती फेऱ्यांपर्यंत उतरतं? पाइपचा पट्टा तिथून सुरू झाला पाहिजे. सरळ भागात शेवटचे काही शे फेरे कमी मिळाले तरी चालेल.

दुसरी अडचण मांडणीची आहे. आउटबोर्डमध्ये सुकाणू वेगळं नसतं, अख्खं इंजिनच डावी-उजवीकडे वळतं. पाइप इंजिनाला जोडलेला असल्याने तोही वळतो. तो जड असेल तर स्टिअरिंगच्या सर्वोवर, म्हणजे इंजिन वळवणाऱ्या छोट्या मोटरवर ताण येतो. लांबलचक असेल तर बोटीच्या झाकणाला किंवा काठाला अडतो आणि बोट एका बाजूला पूर्ण वळेनाशी होते. बोटीचं वजन आधीच मागच्या फळीकडे झुकलेलं असतं, तिथे आणखी भार आला की बोटीचा तोल बदलतो. मोटारीसाठी किंवा इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत बसवलेल्या बोटीसाठी उत्तम ठरलेला पाइप आउटबोर्डवर निरुपयोगी ठरू शकतो तो यामुळे. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा नमुना करून इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावं.

आकारात काय पाहावं

शंकूंचे कोन पाइपचा स्वभाव ठरवतात. डिफ्युजर लांब आणि सावकाश रुंदावणारा असेल, तर परतणारी लाट पसरट असते. तिचा जोर कमी, पण फेऱ्यांच्या मोठ्या पट्ट्यात ती उपयोगी पडते. बॅफल कोन तीव्र उताराचा असेल, तर लाट जोरकस आणि क्षणिक असते. ठरावीक फेऱ्यांवर ताकदीचा स्फोट होतो आणि त्याच्या पुढे-मागे सगळं झपकन पडतं. वेगाच्या विक्रमासाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या धावेसाठी, तीव्र कोन योग्य. बोयांभोवतीच्या शर्यतीसाठी सौम्य कोनच हवेत.

शेवटची बारीक नळी म्हणजे स्टिंगर. तिचं भोक फार लहान असेल, तर पाइपमधला दाब आणि उष्णता वाढते, पिस्टन तापतो. फार मोठं असेल, तर दाब टिकत नाही आणि ताकद कमी होते. शिवाय बहुतेक बोटींमध्ये पाइपमधूनच एक सिलिकॉन नळी इंधनाच्या टाकीकडे जाते आणि पाइपचा दाब इंधन पुढे ढकलतो. पाइप बदलला की हा दाबही बदलतो, म्हणून जुन्या पाइपवर बसवलेली कार्ब्युरेटरची नीडल नव्या पाइपवर तशीच ठेवू नये. आधी ती थोडी मोकळी करून मिश्रणात इंधन जास्त ठेवावं आणि मग हळूहळू आवळावं.

हेडरकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. त्याचा आतला व्यास इंजिनाच्या पोर्टशी जुळला पाहिजे आणि वळण सावकाश असलं पाहिजे. जोडावर धातूची कड आत आली की लाट तिथेच अडखळते. हेडर आणि पाइप सिलिकॉनच्या जाड नळीने जोडतात. आत दोन्ही धातूंची टोकं एकमेकांना भिडलेली असावीत. मध्ये फट राहिली तर गरम धूर त्या जागी सिलिकॉन जाळून टाकतो.

आवाज हीही निवडीचीच बाब आहे. संघटनांच्या नियमांत आवाजाला मर्यादा असते आणि तलावाकाठच्या लोकांची सहनशक्ती त्याहून कमी असते. सायलेन्सर जोडता येईल असा किंवा आतच सायलेन्सर असलेला पाइप घेणं शहाणपणाचं. आवाजाच्या तक्रारींमुळे एकदा तलाव बंद झाला की उत्तम पाइप घेऊन जायला जागाच उरत नाही.

खरं उत्तर पाण्यावर

हिशेब फक्त सुरुवात करून देतो, कारण लाटेचा वेग धुराच्या तापमानावर अवलंबून असतो. पाइपमधला वायू ३०० अंशांवर असताना तापमान ५० अंशांनी बदललं, तर लाटेचा वेग सुमारे चार टक्क्यांनी बदलतो. २४,००० फेऱ्यांवर हा फरक जवळपास हजार फेऱ्यांचा होतो. उघड्या पाइपवर पाण्याचे तुषार उडाले, गार वारा लागला, नायट्रोमिथेनचं प्रमाण बदललं, तरी पाइप जणू लांब किंवा आखूड झाल्यासारखा वागतो. टेबलावर ठरवलेलं माप म्हणूनच पाण्यावर तपासावं लागतं.

तपासण्याची रीत सोपी आहे, पण धीर लागतो. माप नेहमी एकाच पद्धतीने घ्यावं. ग्लो प्लगच्या, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या मिश्रण पेटवणाऱ्या प्लगच्या मध्यापासून पाइपच्या सर्वांत रुंद भागापर्यंत, वळणाच्या मधोमध दोरी धरून मोजण्याची पद्धत प्रचलित आहे. सुरुवात मुद्दाम लांब पाइपने करावी. मग हेडर किंवा पाइपचं टोक प्रत्येक वेळी तीन मिलिमीटरच कापावं. वरच्या हिशेबाने एवढ्याने जुळणीचा बिंदू दोन-अडीचशे फेऱ्यांनी वर सरकतो. प्रत्येक कापणीनंतर नीडल पुन्हा जमवावी, कारण फेरे वाढले की इंधनाची गरजही वाढते. कापलेला धातू परत जोडता येत नाही, म्हणून घाई करू नये.

पाइप मर्यादेपलीकडे आखूड झाल्याची लक्षणं ओळखता आली पाहिजेत. परतणारी लाट लवकर येते, सिलिंडर तापतो, नीडल कितीही मोकळी केली तरी आवाज कोरडा आणि कर्कश राहतो, ग्लो प्लगची तार वाकते किंवा तुटते. असं दिसताच थांबावं आणि लांबी वाढवावी. पुढे रेटलं तर पिस्टन आणि सिलिंडर जातात, आणि त्यांची किंमत पाइपपेक्षा जास्त असते.

पंखा आणि पाइप ही जोडी आहे. मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा पंखा लावला की इंजिनाचे फेरे उतरतात, म्हणून पाइप लांब हवा. लहान पंख्यावर फेरे चढतात, तेव्हा आखूड पाइप चालतो. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी: तारीख, हवा, इंधनातलं नायट्रोमिथेन, पंखा, पाइपची लांबी, नीडल आणि बोयांभोवतीच्या एका फेरीची वेळ. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. सरळ भागातला कमाल वेग मनाला सुखावतो, पण पूर्ण फेरीची वेळ जिथे सर्वांत कमी आली तीच लांबी योग्य.

एक इशारा आवर्जून द्यायला हवा. या इंधनातल्या मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसत नाही आणि ते त्वचेतूनही अंगात भिनतं. हातमोजे घालावेत, इंधन मुलांपासून दूर, बंद डब्यात ठेवावं आणि आग विझवण्याचं साधन काठावर तयार असावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपल्या इंजिनाच्या मापासाठीच बनवलेला, सौम्य कोनांचा, हलका अॅल्युमिनियम पाइप घ्यावा आणि पहिला हंगाम त्याच एका पाइपवर काढावा. त्या काळात वळणातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज कुठे खाली पडतो आणि कुठे पुन्हा उठतो हे कानाला ओळखीचं होतं. ती ओळख झाल्याशिवाय घेतलेला दुसरा पाइप हा अंदाज असतो. ओळख झाल्यावर घेतलेला पाइप कितीही महाग असो, त्याने नेमकं काय करायचं आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असतं.